हॉलमध्ये रूळ टाकण्यापूर्वी: मॉडेल रेल्वेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाहुणे आले की चहा होईपर्यंत त्यांची नजर खिडकीखालच्या फळीवर जाते आणि मग ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमानं येतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा "मुलाचं आहे का?" हा असतो. मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि त्याला यातलं काहीही नको आहे. तेच ते सांगून घसा बसायला लागला, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात, भारतीय रेल्वे करतो आणि पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये करतो, तेव्हा ही उत्तरं तिथूनच आलेली आहेत. बंगलेवाल्यांनी आपापल्या मानानं वाढवून घ्यावीत.

हे खेळणंच ना शेवटी?

खेळण्यातल्या गाडीला गाडीसारखं दिसलं की पुरतं. मॉडेलमध्ये इंजिन, डबा, फलाट, फलाटावरचा हमाल आणि त्याच्या डोक्यावरची ट्रंक, सगळं एकाच पटीत लहान झालेलं असतं. एचओमध्ये पाच फूट सात इंचाचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर उंच होतो. एकदा तो माणूस फलाटावर उभा केला की दार लहान झालंय का, पायरी उंच आहे का, हे डोळ्यांना आपोआप खटकायला लागतं. खटकणं सुरू झालं की समजायचं, खेळणं संपलं.

बाकी छंदाचं मूळ खेळण्यातच आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. जर्मनीतल्या ग्योपिंगन गावच्या मार्कलिन कंपनीनं १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर चालणारी गाडी मांडली. रूळ नंतर वाढवता येत, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे तुकडे) जोडता येत. गाडी एकदाच विकता येते, रूळ जन्मभर विकता येतात, हे त्या मंडळींना तेव्हाच कळलं होतं. आपण अजून त्याचे हप्ते भरतोय.

एचओ, ओओ, एन ही काय भानगड आहे?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती आधी सोडवू. 'स्केल' म्हणजे खरी वस्तू कितीपट लहान केली ते. 'गेज' म्हणजे दोन रुळांमधलं अंतर.

ओ हे जुनं, मोठं माप. ब्रिटनमध्ये ते १:४३.५ धरतात. त्याचं निम्मं म्हणजे एचओ, १:८७; एच हा 'हाफ'मधला. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. जगात सर्वांत जास्त चालतं ते हेच माप. एन म्हणजे नऊ मिलिमीटर गेज, त्यावरून नाव. प्रमाण साधारण १:१६०, पण ब्रिटिश लोक १:१४८ करतात आणि जपानी बहुतेक १:१५०, कारण एकमत झालं तर वाद कशावर घालणार? त्याहून लहान झेड, १:२२०, हे मार्कलिननं १९७२ मध्ये आणलं. ते इंजिन मी एकदा हातात घेतलं होतं. शिंक आली असती तर नंतर सापडलं नसतं.

ओओ हा खास इंग्लिश प्रकार. विलायतेतली खरी इंजिनं अमेरिकन किंवा युरोपियन इंजिनांपेक्षा अंगानं बारीक. एचओ प्रमाणात केली तर त्या काळच्या मोटारी आत मावेनात. मग त्यांनी इंजिनाचं धड १:७६ केलं आणि रूळ मात्र एचओचेच ठेवले. हॉर्न्बी या ब्रिटिश कंपनीच्या गाड्या आजही अशाच असतात: धड थोरल्याचं, पाय धाकट्याचे.

मग भारतीय ब्रॉडगेज कुठे बसते?

कुठेच नीट बसत नाही, आणि ही आपली कायमची ठसठस आहे.

एचओचे १६.५ मिलिमीटर गुणिले ८७ केले की १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला एचओमध्ये १९.३ मिलिमीटरचे रूळ लागतील, आणि ते दुकानात मिळत नाहीत. काही हट्टी लोक स्वतः स्लीपर कापून, रूळ डकवून असे रूळ करतात, इंजिनाचे धुरे बदलतात. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. बाकीचे आम्ही सगळे १६.५ वर भारतीय डबे चालवतो आणि समोरून फोटो काढत नाही. बाजूनं काढलेल्या फोटोत गेज दिसत नाही.

पण एक आडवाट आहे आणि मला ती फार आवडते. आपल्याकडच्या ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजला ८७ नं भागलं तर ८.७६ येतात. म्हणजे एनचे नऊ मिलिमीटरचे रूळ, एनच्या इंजिनाचा सांगाडा आणि वर हातानं केलेलं एचओचं धड. १८९७ मध्ये सुरू झालेली एव्हरार्ड कॅल्थ्रॉपची बार्शी लाईट, किंवा मूर्तिजापूरवरून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला, जी १९९४ पर्यंत वाफेवर धावत होती. दोन-तीन डबे, एक छोटं इंजिन, बाभळीची चार झाडं आणि पत्र्याची शेड. हे सगळं पुस्तकाच्या कपाटाच्या एका फळीवर मावतं. नवख्या माणसानं इथून सुरुवात केली तर त्याचे पैसे, जागा आणि लग्न तिन्ही वाचतात. तरी प्रत्येक नवखा चोवीस डब्यांची राजधानीच मागतो.

चोवीस डब्यांची राजधानी का नको?

राजधानीला लागणाऱ्या नव्या पद्धतीच्या, म्हणजे एलएचबी डब्याची लांबी साडेतेवीस मीटरच्या आसपास. एचओमध्ये तो २७ सेंटिमीटरचा होतो. चोवीस डबे म्हणजे जवळजवळ साडेसहा मीटर, इंजिन वेगळं. गाडी फलाटावर उभी करायची तर फलाटही तेवढाच. माझा हॉल पंधरा फुटांचा, म्हणजे साडेचार मीटर. इंजिन देवघरात पोचेल तेव्हा शेवटचा डबा शेजाऱ्यांच्या शू-रॅकपाशी असेल.

शिवाय गाडी वळवायची कशी? दुकानात तयार मिळणाऱ्या गोलाईंची त्रिज्या बहुतेक ३७१, ४३८ किंवा ५०५ मिलिमीटर असते. खऱ्या ब्रॉडगेजवर दहा अंशांपेक्षा तीव्र वळण देत नाहीत, म्हणजे त्रिज्या १७५ मीटर. ती ८७ नं भागली तर दोन मीटर. म्हणजे भारतीय रेल्वेचं सर्वांत अडचणीतलं, सर्वांत वाईट वळणसुद्धा घरात घ्यायचं म्हटलं तर चार मीटर रुंदीची खोली लागते! आपण ४३८ वर गाडी वळवतो तेव्हा खऱ्या जगात ते ३८ मीटरचं वळण झालं. लांब डबे त्या वळणावर असे बाहेर लोंबतात की शेजारच्या रुळावरची गाडी घासून जाते.

म्हणून सगळे छाटतात. पाच-सहा डबे म्हणजे 'एक्स्प्रेस', तीन म्हणजे 'पॅसेंजर'. पुणे-मुंबईचे १९२ किलोमीटर एचओमध्ये सव्वादोन किलोमीटर होतात, नुसतं कर्जत ते लोणावळा सव्वातीनशे मीटर. त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, यातच माणसाची परीक्षा आहे. मी एक बोगदा, एक पूल आणि कर्जतच्या फलाटाचं एक टोक ठेवलं. लोणावळा गाळलं, त्यामुळे घरी चिक्कीवरून बोलणी बसतात.

मग कमीत कमी जागा किती लागते?

गोल फिरवायची असेल तर एचओमध्ये आठ बाय चारची प्लायवूडची एक शीट. आपल्याकडे सुताराकडे शीट याच मापाची मिळते, ही देवाची कृपा. एनमध्ये तेवढाच खेळ दाराच्या फळीएवढ्या जागेत बसतो. गोल फिरवायचीच नसेल, नुसतं यार्डात डबे लावायचे-काढायचे असतील, तर भिंतीलगत एक फूट रुंद आणि पाच-सहा फूट लांब फळी पुरते. शंटिंगमध्ये मेंदूला काम मिळतं, गोल फिरणाऱ्या गाडीकडे दहा मिनिटांनी कोणी बघत नाही.

एक सूचना. पलंगाखाली सरकणारा लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेली अख्खी रेल्वे, करू नका. कमरेच्या मापानं सांगतो.

एकूण खर्च किती येतो?

माझ्या वहीत दोन रकाने आहेत. एक खरी किंमत, दुसरी घरी सांगितलेली. पहिल्या रकान्यातले आकडे देतो. हे साधारण आकडे आहेत. रुपया आणि टपाल दोन्ही हलते असतात.

परदेशी बनावटीचं साधं एचओ डिझेल इंजिन दहा ते पंधरा हजार. आवाज आणि डिजिटल सोयीसह पंचवीस ते पस्तीस हजार, आणि वर आकाश मोकळं आहे. डबा तीन ते सहा हजार, आणि डबा कोणी एक घेत नाही. वाकवता येणारा रूळ, ज्याला आम्ही फ्लेक्स म्हणतो, एक यार्डाचा म्हणजे ९१४ मिलिमीटरचा तुकडा सात-आठशे. सांधा दीड ते तीन हजार. नवखे लोक सांधा मोजायला विसरतात. यार्डात आठ सांधे लागले की एक इंजिन गेलं. साधा कंट्रोलर तीन-चार हजार, डिजिटल संच वीसच्या पुढे. प्लायवूड, चौकट, सुतार, वायर, फेविकॉल, रंग हे 'किरकोळ' या नावाखाली जातं आणि शेवटी बेरीज केली तर सर्वांत मोठी रक्कम तीच निघते.

वर जकात. खेळण्यांवरची आयात जकात २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. आपल्या गाड्या कस्टम्सच्या लेखी खेळण्यांतच मोडतात. "हे खेळणं नाही, मॉडेल आहे" असं मी एकदा काउंटरवर समजावून सांगत होतो. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "चालतं का? बटण दाबलं की फिरतं ना?" मी हो म्हणालो. मागवण्याआधी त्या दिवशी चालू असलेला दर बघून घ्या, एवढंच.

स्वस्तात काहीच होत नाही का?

होतं की. सेंटी टॉईजच्या भारतीय रेल्वेच्या प्लास्टिकच्या गाड्या खेळण्यांच्या दुकानात मिळतात. बरेच जण त्यांचे डबे घेऊन, चाकं बदलून, खिडक्यांच्या जाळ्या घासून, नव्यानं रंगवून मॉडेलच्या रांगेत बसवतात. एका तयार मॉडेलची मोडतोड करून दुसरंच काही उभं करायचं, याला जगभर 'किटबॅशिंग' म्हणतात. आपल्याकडे त्याला जुगाड म्हणतात आणि त्यात आपण कोणालाही ऐकणार नाही.

प्रिंटआउटवरून जाड कागदाची स्टेशनं करा. प्लास्टिकचे पत्रे कापून शेड करा. थ्रीडी प्रिंटरनं तर भारतीय इंजिनांचं चित्रच बदललं: कोणी तरी संगणकावर डब्ल्यूडीएम-२ या डिझेल किंवा डब्ल्यूएपी-७ या विजेच्या इंजिनाचं धड काढतं, छापतं, आणि आत दुसऱ्या कुठल्या इंजिनाची मोटार-चाकं बसवली जातात. मात्र प्रिंट झाल्यावर अंगावर पायऱ्या दिसतात, त्या घासायला दोन रविवार जातात.

घाटातलं सुप्रसिद्ध 'खेकडा' इंजिन, डब्ल्यूसीजी-१, याच पद्धतीनं करायचं माझ्या मनात सात वर्षं आहे. सामान सगळं आणलेलं आहे. ते कपाटात आहे.

डीसी घ्यावं की डीसीसी?

डीसीमध्ये कंट्रोलर रुळात जितका व्होल्ट सोडेल तितकी गाडी पळते, बारा व्होल्टपर्यंत. दोन रुळांची अदलाबदल केली की गाडी उलटी. साधं, स्वस्त, समजायला सोपं. अडचण अशी की त्या रुळावर उभी असलेली सगळी इंजिनं एकदम निघतात. ती थांबवायला रूळ कापून विभाग करायचे, प्रत्येकाला बटण लावायचं. जुन्या लोकांच्या पॅनलवर इतकी बटणं असायची की गाडी बाजूलाच राहायची.

डीसीसी ही डिजिटल पद्धत. तिच्यात रुळात कायम पंधरा व्होल्टच्या आसपास वीज असते आणि त्याच विजेतून आज्ञा धावतात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डीकोडर नावाची चिप असते आणि तिला एक नंबर असतो. "तीन नंबर, पुढे चल" म्हटलं की तीन नंबरच हलतो. कारखान्यातून येणाऱ्या डीकोडरचा नंबर तीनच असतो, म्हणून दोन नवी इंजिनं एकदम रुळावर ठेवणाऱ्याला पहिल्या दिवशी भूत दिसतं: एकाला हाक मारली की दोघं येतात. नंबर बदला, भूत जातं.

एकच इंजिन असेल तर डीसी. दोनाच्या वर गेलात, किंवा घाटात मागून बँकर लावून गाडी ढकलायची हौस असेल, तर डीसीसीला पर्याय नाही. कर्जतला मागून इंजिनं लागतात ते दृश्य मी डीसीवर करून बघितलं. पुढचं इंजिन हळू, मागचं जोरात. मधला डबा कमानीसारखा वर उचलला गेला आणि उल्हास नदीत पडला. नदी रेझिनची होती, अजून ओली होती. डबा तिथेच आहे, मी त्याला आता 'अपघातग्रस्त डबा' म्हणून दाखवतो.

गाडी अडखळत का चालते?

दहापैकी नऊ वेळा रूळ आणि चाकं काळी पडलेली असतात. रूळ ज्या धातूचे असतात त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात. आपल्या भांड्यांच्या बाजारातलं जर्मन सिल्व्हर ते हेच. तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा त्यात अंशही नाही, त्यामुळे पितांबरी घेऊन बसू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. सँडपेपर कधीही नको: ओरखड्यांत मळ अजून लवकर साचतो. चाकांसाठी रुळावर टिश्यू पेपर आडवा ठेवा, त्यावर अल्कोहोलचे थेंब टाका, अर्धं इंजिन कागदावर आणि अर्धं रुळावर ठेवून हातानं धरा आणि वीज सोडा. कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. त्या बघून जो आनंद होतो तो कानातला मळ निघाल्यासारखा असतो, दुसरी उपमा सुचत नाही.

दहावी वेळ म्हणजे सांध्याचा फ्रॉग, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा. तो प्लास्टिकचा असेल तर लहान इंजिनाला तिथे वीज मिळत नाही आणि ते बरोबर तिथेच बसतं. धातूचा फ्रॉग घेऊन त्याला वेगळी वीज द्या.

आणि गाडी वळून उलट दिशेनं त्याच रुळावर येईल असा वळसा टाकला असेल तर डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो. शॉर्ट सर्किट. हे कागदावर पेन्सिलनं रेघा काढल्या की लगेच दिसतं. मला ते सगळे रूळ चिकटवून झाल्यावर दिसलं.

पावसाळ्यात काय करायचं?

धीर धरायचा. प्लायवूड फुगतं, रुळांचे जोड सरकतात, मे महिन्यात नीट चालणारी गाडी ऑगस्टमध्ये त्याच जागी घसरते. चौकटीला आणि फळीच्या खालच्या बाजूलाही रंगाचा हात मारा, वॉटरप्रूफ प्लाय घ्या, जोडांत नखाएवढी फट सोडा. इंजिनं डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. वर जुनी साडी टाका. प्लास्टिकची शीट टाकलीत तर आत बुरशी.

मुंग्यांना बोगदा आवडतो. पालीला तर फारच. आमच्या बोगद्यातून एकदा गाडीच्या आधी पाल बाहेर आली, तेव्हा एक ज्येष्ठ पाहुण्या सोफ्यावर चढल्या होत्या.

डोंगर आणि झाडं कशी करतात? ते शिकावं लागतं का?

दिवाळीत किल्ला केलाय ना? मग तुम्हाला नव्वद टक्के येतं. परदेशी पुस्तकं ज्याला 'सीनरी' म्हणून पानंच्या पानं खर्च करतात, ते आपल्याकडे चौथीतली मुलं पोत्यावर गेरू-माती फासून करतात. फरक इतकाच की इथे अळीव पेरायचं नाही.

थर्मोकोलचे थर चिकटवा, ब्लेडनं कापा, वर प्लास्टर ऑफ पॅरिस. गणपतीच्या मखराचं उरलेलं थर्मोकोल पूर्वी फुकट मिळायचं. बंदीनंतर मी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणून त्यावर प्लास्टरचे कपडे घालतो, आणि ते हलकंही होतं. सह्याद्रीचा बेसाल्ट हवा असेल तर आडवे थर दाखवा आणि रंग राखाडी नको, काळसर तपकिरी घ्या. परदेशी व्हिडिओ बघून केलेले डोंगर आल्प्ससारखे दिसतात आणि मग त्यातून डेक्कन क्वीन जाताना बघवत नाही.

खडी म्हणजे चाळलेली वाळू. ती रुळांत पसरून ब्रशनं सारखी करायची, पाण्यात पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरनं सोडायचा, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. तो थेंब नसेल तर पाणी वाळूवर मोत्यासारखं उभं राहतं आणि खडी तरंगून सांध्यात जाते. सांध्यात फेविकॉल गेला की दीड हजार गेले. चहाचा चोथा धुऊन वाळवला की पालापाचोळा होतो. तांब्याच्या तारा पिळून झाडाचं खोड. एवढंच.

वेग किती ठेवायचा?

तुम्हाला वाटतो त्याच्या निम्म्याहून कमी. ताशी शंभर किलोमीटर म्हणजे एचओमध्ये सेकंदाला ३२ सेंटिमीटर. फूटपट्टी ठेवून मोजा. गाडी रेंगाळतेय असंच वाटेल. पाहुण्यांच्या मुलांना ते अजिबात पटत नाही. त्यांच्यासाठी मी एक जुनं, पडलं तरी हरकत नाही असं इंजिन वेगळं ठेवलंय.

'रिव्हेट मोजणारे' म्हणजे कोण?

तुमचं इंजिन बघून "रंग छान आहे" असं आधी म्हणतात आणि मग भुवई वर करून "पण ही जाळी त्या शेडच्या इंजिनांना नव्हती हो" असं म्हणतात, ते. त्यांच्याशिवाय छंद सुधारत नाही आणि त्यांच्यासोबत चहा गोड लागत नाही. जगभर त्यांच्यावर एकच उतारा आहे, तो 'पहिला नियम' म्हणून ओळखला जातो: ही माझी रेल्वे आहे. माझ्या कर्जतला जपानी शिंकान्सेनसुद्धा थांबते. पाणी भरायला.

दुसरा जुना विनोद समजायला थोडं गणित लागतं. वाफेची इंजिनं चाकांवरून ओळखतात: पुढची, ओढणारी, मागची. आपलं डब्ल्यूपी जातीचं इंजिन ४-६-२. मग ०-५-० कुठलं? रुळावरून घसरलेला डबा उचलून परत ठेवणारा हात: पुढे शून्य, पाच बोटं, मागे शून्य. सर्वांत भरवशाचं इंजिन, कधी अडखळत नाही.

आणि तिसरा, जो प्रत्येक देशात आपलाच म्हणून सांगतात: "मला एकच भीती आहे. मी गेल्यावर बायको माझी इंजिनं, मी तिला सांगितलेल्या किमतीला विकून टाकेल." माझी बायको हे ऐकून हसली नाही. तिनं वही मागितली.

एवढ्या मोठ्या माणसांनी हे करावं का?

गायक रॉड स्टुअर्टनं वीसेक वर्षांहून जास्त काळ खपून एका अमेरिकन शहराचा एचओ लेआउट उभा केला, आणि दौऱ्यावर असताना इमारती करायला हॉटेलात वेगळी खोली घ्यायचा. गायक नील यंगनं तर लायनेल या मॉडेल रेल्वेच्या कंपनीतच भागीदारी घेतली. अपंग मुलाला गाडी चालवता यावी म्हणून त्यानं नियंत्रणाच्या सोयींवर काम केलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मॉडेल रेल्वे क्लबातल्या पोरांना टेबलाखालच्या वायरिंगचा एवढा नाद लागला की पुढे ती संगणकांकडे वळली. 'हॅक' हा शब्द आजच्या अर्थानं त्यांच्याच बोलीतून आला. "गाड्यांशी काय खेळतोस, जरा कॉम्प्युटर शीक" असं म्हणणाऱ्या काकांना मी हे ऐकवलं आहे. उपयोग झाला नाही.

प्रत्यक्ष बघायला कुठे जावं?

पुण्यात असाल तर कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय. १९९८ मध्ये सुरू झालं. दिवे मालवून रात्र केली जाते तेव्हा मोठी माणसंही बोलायची थांबतात. दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात खरी इंजिनंच बघा, आणि खिशात टेप ठेवा. जगात सर्वांत मोठं म्हणाल तर हॅम्बुर्गचं मिनिएचर वंडरलँड: ब्राऊन जुळ्या भावंडांनी २००१ मध्ये उघडलं, रूळ सोळा किलोमीटरपेक्षा जास्त, आणि विमानं उडणारा विमानतळही. जर्मनीला नोकरीसाठी गेलेला एक भाचा तिथून फोटो पाठवतो. त्याला मी "तिकडचे सांधे काय भाव?" एवढंच विचारतो.

लेआउट पूर्ण व्हायला किती दिवस लागतात?

पूर्ण म्हणजे?

तुमचा बघायला येता येईल का?

जरूर या, रविवारी संध्याकाळी पाचनंतर. येण्याआधी फोन करा. सध्या घाटात दरड काढायचं काम चालू असल्यामुळे अप मार्ग बंद आहे आणि डाऊन मार्गावर बायकोनं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत. त्या गुढीपाडव्यापर्यंत हलणार नाहीत, असं कळतं. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.